सूचना पुन्हा येते, मेल पुन्हा स्पॅममध्ये जातो: घरच्या संगणकावर नेमकं कुठे बघायचं

एकदा निस्तरली की संपणारी तक्रार असेल तर हे वाचायची गरज नाही. इथे बोलायचंय ते परतून येणाऱ्या तक्रारींबद्दल. व्हायरस काढला तरी आठवड्याभरात पुन्हा लाल चौकट. 'नॉट स्पॅम' दाबलं तरी सोसायटीची नोटीस पुन्हा स्पॅममध्ये. अँटिव्हायरसचे पैसे भरले तरी 'तुमचा संगणक असुरक्षित आहे' हे पालुपद चालूच.

नात्यातले आणि शेजारपाजारचे लोक अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे लॅपटॉप आणतात, तेव्हा बहुतेक वेळा दुरुस्ती आधीच झालेली असते, फक्त भलत्या जागी. सूचना ब्राउझरमधून येत असते आणि लोक अँटिव्हायरस बदलतात. मेल पाठवणाऱ्याच्या बाजूने गडबड असते आणि लोक स्वतःच्या सेटिंग्जची उलथापालथ करतात. म्हणून सगळ्यात आधी एवढंच शोधा: हे बोललं कोण, किंवा हे अडवलं कुणी? ब्राउझरने, विंडोजमधल्या डिफेंडरने, विकत घेतलेल्या अँटिव्हायरसने, मेलच्या प्रोग्रॅमने की जीमेलसारख्या सेवेने? हे कळेपर्यंत काही डाउनलोड करू नका आणि काही विकत घेऊ नका.

उजव्या कोपऱ्यातली चौकट

मावशीचा फोन आला. "अरे, पुन्हा आलं बघ ते. पाच व्हायरस सापडले म्हणतंय. मी कशालाही हात लावलेला नाही हं."

"क्लिक करू नकोस, नुसतं वाच," मी म्हटलं. "त्या चौकटीत बारीक अक्षरांत काय लिहिलंय?"

चष्मा शोधून तिने एकेक अक्षर वाचलं. आधी क्रोमचं नाव, मग कसलाही अर्थ न लागणारा एक पत्ता आणि शेवटी डॉट एक्सवायझेड. तिथेच निदान झालं. खऱ्या अँटिव्हायरसच्या चौकटीत ब्राउझरचं नाव आणि पाठवणाऱ्या वेबसाइटचा पत्ता असा नसतो. तसा पत्ता दिसला म्हणजे ती सूचना एका वेबसाइटने ब्राउझरमार्फत पाठवलेली आहे, आणि पाठवायची परवानगी तिला याच संगणकावरून कधीतरी मिळालेली आहे.

ती कशी मिळते? मालिकेचा चुकलेला भाग किंवा क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारी एखादी साइट उघडली जाते. तिथे 'तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाऊ दाबा' असं येतं. दाबलं की साइट बंद केल्यावरही ती विंडोजच्या कोपऱ्यात हव्या तेव्हा चौकटी टाकू शकते. चौकटीवर नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह चिकटवणं काहीच अवघड नाही. आणि अँटिव्हायरसला स्कॅनमध्ये काही सापडत नाही, कारण डिस्कवर व्हायरसची फाइल नसतेच. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये एका परवानगीची नोंद असते, बस. लोक पूर्ण स्कॅन करतात, सगळं स्वच्छ निघतं, आणि संध्याकाळी चौकट पुन्हा हजर.

उपाय छोटा आहे. क्रोम असो वा एज, सेटिंग्ज उघडा आणि वरच्या शोधपट्टीत इंग्रजीत 'नोटिफिकेशन्स' टाइप करा. क्रोममध्ये वाट 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', मग 'साइट सेटिंग्ज', मग 'नोटिफिकेशन्स' अशी आहे. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीच्या नसतील त्या सगळ्या काढा. घरात ज्येष्ठ माणसं तो संगणक वापरत असतील, तर त्याच पानावर 'साइट्सना विचारूच देऊ नका' हा पर्याय निवडा. घरच्या वापरात ब्राउझरच्या नोटिफिकेशनवाचून काहीही अडत नाही, असं माझं ठाम मत आहे.

यानेही थांबलं नाही तर ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, बघा. 'कूपन', 'पीडीएफ कन्व्हर्टर', 'नवीन टॅब' अशा नावांची एक्स्टेन्शन्स नकळत आलेली असतात. काढल्यावरही एखादं परत येत असेल, तर त्याच गूगल खात्याने घरातला दुसरा संगणक चालू आहे का ते तपासा. सिंक, म्हणजे दोन्हीकडच्या सेटिंग्ज आपोआप जुळवणं, सुरू असेल तर तिथलं इथे येऊ शकतं, म्हणून दोन्हीकडून काढावं लागतं.

दुसरा प्रकार याहून भीतिदायक दिसतो. पूर्ण पडदा व्यापणारं पान, भोंगा, आणि 'लगेच या नंबरवर फोन करा'. मायक्रोसॉफ्टने स्वतः स्पष्ट सांगितलेलं आहे की त्यांच्या कोणत्याही एरर मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. तेव्हा नंबर दिसला की ते पान खोटं. एस्केपचं बटण काही वेळ दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर तिथून बंद करा. नंतर ब्राउझर उघडल्यावर 'आधीची पानं परत उघडू का' असं विचारेल, त्याला नाही म्हणा. हो म्हटलंत तर तेच पान पुन्हा समोर येईल.

दोन अँटिव्हायरस, एक संगणक

नवीन लॅपटॉपवर बहुधा कुठल्यातरी अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती आधीपासून असते. दुकानदार त्यावर आणखी एक घालून देतो. वर्षभराने मुदत संपली की घरातलं कुणीतरी तिसरा, फुकटचा, आणून बसवतं. हे सगळे प्रत्येक उघडणारी फाइल आधी आपण तपासायला बघतात. मशीन रखडतं, एकाने बाजूला टाकलेली फाइल दुसऱ्याला सापडते आणि त्याचीही सूचना येते. हे चक्र थांबत नाही.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस विंडोजमध्येच आहे. दुसरा बसवला की तो आपणहून मागे सरतो आणि दुसरा काढला की परत कामाला लागतो. अडचण येते ती मधल्या अवस्थेत: मुदत संपलेला अँटिव्हायरस ना काढलेला, ना अपडेट होणारा. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, त्याच्या सेटिंग्जमध्ये 'मॅनेज प्रोव्हायडर्स' असं आहे. सध्या राखण कोण करतंय ते तिथे दिसतं. बरेच लोक हे पान पहिल्यांदा बघतात तेव्हा तिथली नावं बघून चकित होतात.

जे नको ते अनइन्स्टॉल करा, संगणक रीस्टार्ट करा. तरीही अवशेष उरले तर त्या अँटिव्हायरसच्या कंपनीचं स्वतःचं सफाईचं साधन असतं, ते तिच्याच साइटवरून घ्या. सर्च केल्यावर पहिल्यांदा दिसणाऱ्या जाहिरातीतून घेऊ नका.

डिफेंडर पुरतो का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. मेल, बँक, बिलं, मुलांचा अभ्यास एवढ्या वापराला पुरतो, पण विंडोज अपडेट होत असेल तरच. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीच्या सुरक्षा अपडेट्ससाठी नाव नोंदवलेलं नसेल, तर कितीही महागडा अँटिव्हायरस घातला तरी खालची भोकं उघडीच राहतात. आधी ते बघा.

आता पैशांचं. 'तुमचं अँटिव्हायरस सबस्क्रिप्शन आपोआप नूतनीकृत झालं, इतके हजार रुपये कापले, रद्द करायचं असेल तर या नंबरवर फोन करा' असा मेल अनेकांना येतो. तो स्पॅमच्या गाळणीतून सुटतो याला कारण आहे. त्यात लिंक नसते, घातक अटॅचमेंट नसतं, एक साधं बिल आणि फोन नंबर. तपासायला काही हातीच लागत नाही. फसवणूक पुढे फोनवर होते: 'पैसे परत करतो' म्हणून संगणकाचा ताबा मागतात आणि बँकेचं पान उघडायला लावतात.

भारतातल्या वाचकांना इथे एक पक्का आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार, १ ऑक्टोबर २०२१ पासून, कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या नियमित रकमेची सूचना कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते. १५,००० रुपयांवरची रक्कम असेल तर ओटीपीसारखी मंजुरीही लागते. बँकेकडून आधी काही कळलेलं नाही, खात्यातून काही गेलेलं नाही, आणि मेल मात्र पैसे कापले म्हणतोय? मग तो मेल सरळ स्पॅम म्हणून कळवा. सबस्क्रिप्शनची खरी तारीख अँटिव्हायरसच्या स्वतःच्या खिडकीत दिसते, ती तिथेच बघावी.

काढलेला व्हायरस रोज सापडतो तेव्हा

थंडरबर्ड, म्हणजे संगणकावर मेल उतरवून ठेवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्यांकडे ही तक्रार हमखास असते आणि याचं कारण फार थोड्यांना माहीत असतं. अँटिव्हायरस सांगतो: इनबॉक्स नावाच्या फाइलमध्ये अमुक व्हायरस आहे. माणूस तो मेल शोधून काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच सूचना, तीच फाइल.

थंडरबर्ड एका फोल्डरमधले सगळे मेल सहसा एकाच मोठ्या फाइलमध्ये एकापुढे एक लिहून ठेवतो. मेल डिलीट केला की त्यावर 'काढलेला' अशी खूण होते आणि तो यादीतून जातो, पण त्याचा मजकूर फाइलमध्ये तसाच राहतो. 'कॉम्पॅक्ट' केल्यावरच तो खरोखर पुसला जातो. अँटिव्हायरस थंडरबर्डची यादी बघत नाही, ती फाइल बघतो, आणि त्यात कालचं अटॅचमेंट अजून पडलेलं असतं.

तेव्हा आधी जंक आणि ट्रॅश रिकामे करा, मग फाइल मेनूतून 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स' चालवा. सूचना तिथे थांबते.

पण याच ठिकाणी एक मोठा धोका आहे आणि तो मी जीव तोडून सांगतो. त्या सूचनेखाली 'क्वारंटाइन' (फाइल वेगळ्या कोठडीत ठेवणं) किंवा 'डिलीट' असं बटण असतं. ते दाबलं तर अँटिव्हायरस एका मेलऐवजी ती अख्खी फाइल उचलून नेऊ शकतो, म्हणजे वर्षानुवर्षांचा इनबॉक्स. खातं आयमॅप पद्धतीचं असेल तर मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवेच्या संगणकावर, असतात, ते पुन्हा उतरवता येतात. पॉपवर, म्हणजे मेल आपल्या संगणकावर उतरवून घेण्याच्या पद्धतीवर, असेल आणि सर्व्हरवरची प्रत काढली जात असेल, तर क्वारंटाइनमधून फाइल परत मिळवणं एवढाच मार्ग उरतो. असं झालं असेल तर क्वारंटाइन रिकामं करू नका, थंडरबर्ड बंद करा आणि तिथून फाइल 'रिस्टोअर' करा.

पुढे हे होऊ नये म्हणून थंडरबर्डच्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' विभागात एक पर्याय आहे: येणारा प्रत्येक मेल अँटिव्हायरसला वेगवेगळा बाजूला काढू द्यायचा. तो चालू केला की नवा मेल आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये उतरतो. त्यात व्हायरस निघाला तर तेवढाच मेल जातो. सोबत थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर (त्याचे मेल आणि सेटिंग्ज असतात ते) अँटिव्हायरसच्या अपवादांत, म्हणजे न तपासायच्या जागांत, घाला. अटॅचमेंट उघडताना किंवा डिस्कवर उतरवताना ते तपासलं जातंच. मात्र अपवाद एवढ्याच फोल्डरचा. 'कटकट नको' म्हणून डाउनलोड्स किंवा सगळा सी ड्राइव्ह अपवादात टाकलेले लॅपटॉप मी पाहिलेत. तिथे अँटिव्हायरस असून नसल्यासारखा असतो.

झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पाहुणा

पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फोल्डर्सचे शॉर्टकट झालेले दिसतात. फॉरमॅट केलं, चार दिवस बरं चाललं, पुन्हा तेच. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथल्या संगणकावर दिवसभर गावातले पेनड्राइव्ह लागतात, आणि एकाचं दुसऱ्याला लागतं.

यात फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. तरीही दिसत नसतील तर फोल्डर ऑप्शन्समधली 'सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवा' ही खूण काढा. फाइली दिसतील. शॉर्टकटवर डबल-क्लिक करू नका, तो शॉर्टकटच व्हायरस चालवतो.

पुन्हा का येतं, तर लोक पेनड्राइव्ह साफ करतात आणि लॅपटॉप तसाच ठेवतात. लॅपटॉपवर त्याची एक प्रत चालू असते आणि ती पुढच्या प्रत्येक पेनड्राइव्हला लागते. क्रम उलटा हवा. आधी लॅपटॉपवर डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. त्यासाठी संगणक रीस्टार्ट होतो आणि साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होत असल्याने चालू असलेला व्हायरसही सापडतो. मगच पेनड्राइव्हमधली फक्त आपली कागदपत्रं उतरवून घ्या आणि तो फॉरमॅट करा. सरकारच्या सर्ट-इन संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे. त्याच्या साइटवर फुकट सफाईची साधनं मिळतात, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. दुसरं मत म्हणून ती चांगली. प्रिंटसाठी फाइल दुकानदाराला फोनवरून पाठवता येत असेल, तर पेनड्राइव्ह नेऊच नका.

अँटिव्हायरसच चुकत असेल तर

असंही होतं. ४ सप्टेंबर २०२२ ला जगभरच्या विंडोज संगणकांवर डिफेंडर सांगू लागला की 'हाइव्ह डॉट झेडवाय' नावाचा धोका सापडलाय. क्रोमसारखे प्रोग्रॅम उघडले की सूचना, काढून टाकलं तरी पुन्हा उघडताच सूचना. धोका नव्हताच, व्हायरस ओळखायच्या खुणांच्या एका अपडेटमध्ये चूक होती. सुधारित अपडेट आलं आणि सगळं थांबलं. त्याआधी २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक अत्यावश्यक फाइल व्हायरस ठरवली होती आणि असंख्य संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होत राहिले.

म्हणून रोजच्या वापरातला, अधिकृत साइटवरून घेतलेला प्रोग्रॅम एकाएकी व्हायरस ठरला, तर आधी अँटिव्हायरस अपडेट करा आणि काही तास थांबा. 'विंडोज सिक्युरिटी'तल्या 'प्रोटेक्शन हिस्ट्री'मध्ये धोक्याचं नाव आणि फाइलची जागा बघा. संशय राहिला तर ती फाइल व्हायरसटोटल या साइटवर टाकून बघता येते, तिथे अनेक अँटिव्हायरसचं मत एकत्र मिळतं. दोन-तीन अनोळखी नावांनीच ओरड केली आणि बाकीचे शांत असले, तर बहुधा खोटी हाक. मात्र तिथे टाकलेली फाइल इतरांनाही मिळू शकते. आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट असलं काही तिथे कधीही टाकू नका.

मेल उतरतच नाही, 'सर्टिफिकेट' म्हणतो

जीमेल ब्राउझरमध्ये नीट उघडतं, पासवर्ड बरोबर आहे, पण मेलचा प्रोग्रॅम म्हणतो सर्टिफिकेट (सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) विश्वासार्ह नाही. त्या सूचनेत सर्टिफिकेट कुणी दिलंय ते उघडून बघा. तिथे तुमच्याच अँटिव्हायरसचं नाव असेल तर कोडं सुटलं. मेल बंद पाकिटात, म्हणजे सांकेतिक रूपात येतो. तो मध्येच वाचता यावा म्हणून अँटिव्हायरसचं 'मेल शील्ड' पाकीट उघडतं आणि स्वतःचा शिक्का मारून पुढे देतं. थंडरबर्ड तो शिक्का ओळखत नाही. 'कायमचा अपवाद' दाबून मोकळं होऊ नका, खरा भामटा मध्ये बसला तरी मग तो तसाच चालून जाईल. मेल शील्डमधली सांकेतिक मेलची तपासणी बंद करा. घरून आयकर किंवा जीएसटीचं काम करणाऱ्यांना डिजिटल सहीच्या वेळी असाच अडथळा येतो. तिथे अख्खा अँटिव्हायरस बंद न करता फक्त सहीच्या प्रोग्रॅमला सूट द्यावी.

कामाचा मेल स्पॅममध्ये

आधी दोन गोष्टी, ज्यांमुळे मेल 'आलाच नाही' असं वाटतं. जीमेलमध्ये स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप कायमचा जातो. आणि तुम्ही पॉपने मेल उतरवत असाल तर स्पॅम फोल्डर तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. काहीही न दिसण्याचं कारण बहुधा हेच असतं. आठवड्यातून एकदा ब्राउझरमध्ये जाऊन स्पॅम चाळा.

'नॉट स्पॅम' दाबणं ठीक, पण तेवढ्याने भागत नसेल तर फिल्टर करा. फोनच्या ॲपमध्ये हे होत नाही, संगणकावरच करावं लागतं. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा, 'फ्रॉम'मध्ये पत्ता लिहा, 'क्रिएट फिल्टर' दाबा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' वर खूण करा. शाळा, बँक, डॉक्टर, सोसायटी यांच्यासाठी हे एकदा करून ठेवावं.

तरीही एखाद्याचेच मेल सगळ्यांकडे स्पॅममध्ये जात असतील, तर दोष पाठवणाऱ्याच्या बाजूला आहे. तो मेल उघडा, तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडा. वरती एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन ओळी आणि पुढे पास किंवा फेल असं दिसतं. एसपीएफ म्हणजे या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे याची जाहीर यादी. डीकेआयएम ही मेलवरची डिजिटल सही. डीमार्क बघतं की या दोन्हींपैकी किमान एकातलं नाव 'फ्रॉम'मध्ये दिसणाऱ्या नावाशी जुळतं का, आणि न जुळल्यास काय करायचं. हे सगळं उभारावं लागलं कारण १९८२ साली मेल पाठवण्याची पद्धत ठरली तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची सोयच त्यात नव्हती. 'फ्रॉम'मध्ये कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतो. स्पॅम पाठवणाऱ्याचा पत्ता ब्लॉक करून फार काही साधत नाही ते यामुळेच. उद्याचा पत्ता वेगळा असतो.

सोसायट्या, वाचनालयं, महाराष्ट्र मंडळं यांच्याकडे मी एक नमुना पुन्हापुन्हा पाहतो. संस्थेची वेबसाइट स्वस्त होस्टिंगवर, म्हणजे भाड्याच्या सर्व्हरवर, असते. वर्गणीची आठवण ती साइट आपोआप पाठवते, पण 'फ्रॉम'मध्ये सेक्रेटरींचा जीमेलचा पत्ता घातलेला असतो. जीमेलचं नाव आणि सर्व्हर भलताच, म्हणजे गूगलच्या नजरेत तोतया. सभासदांनी कितीही वेळा 'नॉट स्पॅम' दाबलं तरी हे मुळातून सुटणार नाही. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या नावाचा, पत्ता वापरायचा आणि होस्टिंगवाल्याकडून एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी घालून घ्यायच्या. एकदाच करायचं काम आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने हे नियम कडक केले. जीमेलवर पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम लागतं आणि दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना दोन्ही आणि डीमार्कही लागतं.

सभासदांनाही एक विनंती. नको असलेली नोटीस 'रिपोर्ट स्पॅम' करू नका. त्या खुणेचा परिणाम त्याच पत्त्यावरून इतरांना जाणाऱ्या मेलवरही होतो, आणि तुमच्या शेजारच्या आजोबांना पाणी बंद असल्याची सूचना मिळत नाही. ओळखीच्या संस्थेचा किंवा दुकानाचा मेल नको असेल तर 'अनसबस्क्राइब' करा. ज्याचं नावही ऐकलं नाही अशा मेलमध्ये मात्र अनसबस्क्राइबच्या लिंकवर क्लिक करू नका, पत्ता चालू असल्याची पावती त्याला मिळते. तिथे 'रिपोर्ट स्पॅम' हेच योग्य.

बँकेच्या स्टेटमेंटवर जीमेल कधीकधी पिवळी सूचना दाखवतं की अटॅचमेंट तपासता आलं नाही. पीडीएफला पासवर्ड असतो म्हणून आत बघता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मेल खरंच बँकेच्या डोमेनवरून आलाय हे 'शो ओरिजिनल'मध्ये बघून मग उघडा. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहून दिलेली झिप फाइल आली, तर ती उघडू नका. अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणूनच ती तशी बांधलेली असते.

थंडरबर्डची जंक गाळणी वापरत असाल तर तिला दोन्ही बाजू शिकवाव्या लागतात. ती शब्दांच्या संभाव्यतेवर चालते. नुसते जंक दाखवत राहिलात आणि चांगल्या मेलवर 'नॉट जंक' कधीच दाबलं नाही, तर ती हळूहळू सगळ्यांवरच संशय घेऊ लागते. बिघडली असेल तर सेटिंग्जमधून तिचं शिकलेलं सगळं पुसून नव्याने शिकवा.

कुणाला विचारण्याआधी

वरचं काहीच लागू पडलं नाही तर मदत मागताना 'व्हायरस आलाय' एवढंच सांगू नका. चौकटीचा फोनने फोटो काढा, त्यातली बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. 'प्रोटेक्शन हिस्ट्री'तलं धोक्याचं नाव, फाइलची जागा आणि वेळ लिहून ठेवा. मेलचा प्रश्न असेल तर 'शो ओरिजिनल'मधल्या त्या तीन ओळी. पैसे गेले असतील, किंवा कुणाला संगणकाचा ताबा दिला गेला असेल, तर हे लिहीत बसू नका. इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत तक्रार पोचली तरच ते अडवता येतात.